कागदावरची विहीर

मार्च २०२३ च्या अखेरीस मराठवाड्यातल्या फुलंब्रीच्या पंचायत समितीसमोर गेवराई पायगा गावच्या तरुण सरपंचाने गळ्यात नोटांची माळ घातली आणि दोन लाख रुपये रस्त्यावर उधळले. शेतकऱ्यांच्या विहिरी मंजूर करायला पैसे मागितले जातात, असा त्याचा आरोप होता. व्हिडिओ राज्यभर फिरला, मंत्रालयापर्यंत हालचाली झाल्या. तो पाहताना मला राहून राहून २००७ सालचा ‘जाऊ तिथे खाऊ’ हा चित्रपट आठवत होता. त्यातही विहीरच आहे. ती मंजूर होते, खोदली जाते, बांधून पूर्ण होते, पण सगळं कागदावर. शेतात मात्र खड्डासुद्धा नाही. मग गडी पोलीस ठाण्यात जातो आणि माझी विहीर चोरीला गेली म्हणून तक्रार देतो.

या तक्रारीत एकही शब्द खोटा नाही, हीच तिची गंमत. सरकारी दप्तरानुसार विहीर होती, आता ती जागेवर नाही, म्हणजे ती कुणीतरी नेली. कागद खरा मानायचा ठरवला तर दुसरा निष्कर्षच निघत नाही. पुढे २०१० साली श्याम बेनेगल यांनी ‘वेल डन अब्बा’मध्ये हीच कल्पना हैदराबादजवळच्या एका गावात नेली आणि बोमन इराणी यांच्याकडून सुरेख वठवून घेतली. पण मराठवाड्याच्या माणसाला जवळची वाटते ती मराठी विहीर, कारण तिच्यासाठी भांडणारा माणूस त्याच्याच बोलीत बोलतो. त्याचं नाव मकरंद अनासपुरे.

मराठवाड्याने मराठी विनोदाला काय दिलं, याचा आढावा घ्यायचा तर अनासपुरे यांच्यापर्यंत एकदम येता येत नाही. आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पडद्यावरच्या मराठी विनोदाचा मोठा भाग पुणे-मुंबईत आणि पश्चिम महाराष्ट्राच्या तमाशात घडला. राजा गोसावी, शरद तळवलकर यांचा विनोद भाड्याची खोली, नोकरी आणि सासरा यांच्याभोवती फिरला. दादा कोंडके रंगमंचावरच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधून आले आणि १९७१ च्या ‘सोंगाड्या’ने त्यांनी खेडुताला नायक केलं. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या काळात विनोद पुन्हा शहरात आला. १९८८ च्या ‘अशी ही बनवाबनवी’चा सगळा डोलारा भाड्याच्या घरावर उभा आहे. या सगळ्यात औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, नांदेडचा माणूस कुठे होता? असलाच तर चार वाक्यांपुरता गडी, हवालदार किंवा पाटलाचा माणूस.

याचं कारण इतिहासात आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळा कमी, मराठी नाटक मंडळ्यांना आणि चित्रसंस्थांना पोसणारं शहर नाही. कोकणी माणसाचं तसं नव्हतं. तो गिरणीत कामाला मुंबईत आला, परळ-लालबागेत वसला, म्हणून गंगाराम गवाणकरांचं मालवणी ‘वस्त्रहरण’ मच्छिंद्र कांबळी यांनी उभं केलं तेव्हा तिकीट काढणारा प्रेक्षक नाट्यगृहापासून चालत येण्याच्या अंतरावर होता. मराठवाड्याचा कष्टकरी ऊस तोडायला कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिला. सहा महिने सांगली-कोल्हापूरकडे, उरलेले घरी. त्याची बोली मुंबईत पोचली नाही, कारण बोली ऐकायला बसणारी माणसंच मुंबईत नव्हती.

म्हणून मराठवाड्यात नट घडला तो विद्यापीठात. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, पुढे तिथे नाट्यशास्त्र विभाग आला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले कमलाकर सोनटक्के, लोककलांचा जाणता अभ्यासक असलेले रुस्तुम अचलखांब, लक्ष्मण देशपांडे अशी माणसं तिथे शिकवत होती. युवक महोत्सव, एकांकिका, पथनाट्यं यांतून पोरं तयार झाली. ‘जिगीषा’ हा चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर यांचा गटही औरंगाबादचाच. तो मुंबईला गेला आणि मुख्य धारेच्या रंगभूमीवर मानाने उभा राहिला. तिथे त्यांची नाटकं मात्र बहुतेक प्रमाण मराठीत झाली. बोलीचं ओझं खांद्यावर घेतलं ते देशपांडे सरांनी.

त्यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’बद्दल खूप लिहिलं गेलंय, तरी थोडं थांबावंसं वाटतं. सत्तरचं दशक सरता सरता सुरू झालेला हा प्रयोग. एकटा माणूस, रिकामा रंगमंच, हातात एक कापड, आणि बावन्न पात्रं. खेड्यातलं अख्खं वऱ्हाड लग्नासाठी विमानात बसून लंडनला जातं एवढीच गोष्ट. गिनेस बुकात नोंद झाली ती पात्रांच्या संख्येसाठी. मला त्याहून मोठी वाटते ती पात्रांमधली जागा. म्हातारा बोलून थांबतो आणि पोरगं तोंड उघडतं, त्या दरम्यान सर मान किंचित वळवत आणि श्वास बदलत. तेवढ्यात माणूस बदललेला असे. खांद्यावरचं कापड डोक्यावर गेलं की बाई, कमरेला आलं की गडी. कुणाची टर उडवणं त्यात नव्हतं. विमानात भांबावलेला माणूस मूर्ख नसतो, तो पहिल्यांदा विमानात बसलेला असतो, एवढं साधं भान त्या हसण्याखाली होतं. २२ फेब्रुवारी २००९ रोजी देशपांडे गेले. पुढे माजलगावच्या संदीप पाठक यांनी हा प्रयोग उचलला, आणि तो उचलायला छाती लागते.

या वाटेवरून अनासपुरे आले. औरंगाबादेत नाट्यशिक्षण, भरपूर पथनाट्यं, मग मुंबई. पथनाट्याचा संस्कार त्यांच्यावर कायम दिसतो. चौकात उभा राहून नाटक करणाऱ्याकडे पडदा नसतो, दिवे नसतात, आणि समोरचा माणूस पिशवी घेऊन बाजाराला निघालेला असतो. त्याला पहिल्या वाक्यात थांबवायचं असतं. अनासपुरे यांचं बोलणं ऐका. वाक्य एका दमात, शेवट किंचित वर उचललेला, जणू पुढचं वाक्य आधीच दाराशी उभं आहे. डोळे मोठे, चेहरा पूर्ण निरागस. सगळ्यात बोचरं वाक्य ते सगळ्यात भोळ्या चेहऱ्याने टाकतात आणि हसू यायच्या आत पुढे निघून जातात.

सुरुवातीची वर्षं लहान कामांची. नाना पाटेकर यांच्यासोबत ‘यशवंत’ (१९९७), श्रावणी देवधर यांचा ‘सरकारनामा’ (१९९८), महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ (१९९९). मुंबईच्या चित्रपटाने त्यांच्याकडून आधी घेतला तो त्यांचा हेल. हेल ऐकला की हसायचं, हा तयार बेत होता. डिसेंबर २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले. मराठी विनोदी चित्रपट आधीच थकला होता, आता तो पोरका झाला. २००५ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी ‘कायद्याचं बोला’ केला. मूळ कल्पना १९९२ च्या ‘माय कझिन व्हिनी’ची. अनासपुरे त्यात वकील झाले, तेही आपल्या बोलीसकट. औरंगाबादच्या दिग्दर्शकाने औरंगाबादच्या नटाला कोर्टात उभं केलं आणि कोर्टाच्या भाषेला ‘आसं कसं म्हन्ता साहेब’ म्हणणारी भाषा भिडवली. प्रेक्षक हेलाला हसायला आले होते, ते हळूहळू वकिलाच्या बाजूने झाले. मराठवाडी बोली इथून पुढे नायकाची झाली.

पुढची चार-पाच वर्षं त्यांच्या कारकिर्दीचा कणा आहेत. २००७ चा ‘साडे माडे तीन’, ज्यात अशोक सराफ आणि भरत जाधव यांच्या जोडीने ते तिसरे भाऊ. २००७ चाच ‘गाढवाचं लग्न’, जिथे त्यांनी सावळ्या कुंभार करण्याचं धाडस केलं. ही भूमिका दादू इंदुरीकरांनी तमाशाच्या फडावर अजरामर केलेली, त्यामुळे तुलना होणारच होती. अनासपुरे यांचा सावळ्या इंदुरीकरांच्या तोडीचा आहे असं मी म्हणणार नाही. फडावरचा तो ऐनवेळचा हजरजबाबीपणा कॅमेऱ्यासमोर येत नाही. पण ज्यांनी तमाशा कधी पाहिलाच नाही अशा पिढीपर्यंत सावळ्या त्यांच्यामुळे पोचला.

२००८ चा ‘दे धक्का’ मला त्यांचं सगळ्यात भरीव लोकप्रिय काम वाटतं. आधार होता ‘लिटल मिस सनशाइन’ या अमेरिकी चित्रपटाचा. तिथला बाप यशस्वी कसं व्हावं याची व्याख्यानं देणारा आहे. मराठीत तो इंधन वाचवणारा सुटा भाग शोधून काढणारा कारागीर झाला. त्याचा शोध खरा आहे, पण तो कुणाचा हे कोर्टात ठरायचं आहे आणि तोवर घर कर्जात बुडालंय. हा बदल लहान नाही. अमेरिकी बाप स्वतःच्या फुशारकीत अडकलाय, मराठी बाप तारखेत. मुलीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी ढकलल्याशिवाय चालू न होणारी गाडी घेऊन सगळं कुटुंब निघतं. शिवाजी साटम आणि सिद्धार्थ जाधव यांच्या धमाल कामांमध्ये हसवण्याची जबाबदारी अनासपुरे यांनी बरीचशी इतरांवर सोपवली आणि स्वतः घराची काळजी वाहणारा माणूस वठवला. विनोदी नटाने असं मागे सरकणं सोपं नसतं.

इथेच त्यांच्या विनोदाचं सूत्र सापडतं असं मला वाटतं. २००९ चा ‘निशाणी डावा अंगठा’ घ्या. रमेश इंगळे उत्रादकर यांची कादंबरी, दिग्दर्शक पुरुषोत्तम बेर्डे. साक्षरता मोहिमेत निरक्षरांना कागदावर साक्षर करण्याची मास्तरांची धडपड हा त्याचा विषय. एकीकडे कागदावरची विहीर, दुसरीकडे कागदावरची साक्षरता. ‘दे धक्का’त कोर्टात अडकलेला शोध, ‘कायद्याचं बोला’त कायद्याचं पुस्तक. अनासपुरे यांचा माणूस कायम टेबलाच्या या बाजूला उभा असतो, हातात पिशवी, पिशवीत झेरॉक्स. टेबलापलीकडचा साहेब कागदाकडे बघतो, हा साहेबाच्या तोंडाकडे. फुलंब्रीच्या कुठल्याही कचेरीच्या व्हरांड्यात घटकाभर बसलं तर हा माणूस दिसतो. साहेब आलेत का, विचारतो. मीटिंगला गेलेत, ऐकतो. बरं म्हणतो आणि पुन्हा भिंतीला टेकतो. त्याच्या त्या ‘बरं’मध्ये चीड असते, सवय असते आणि उद्या पुन्हा यायची तयारीही. अनासपुरे यांनी ते ‘बरं’ पडद्यावर आणलं. कोंडके यांचा खेडूत इनामदार-पाटलाला चकवत होता, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा माणूस घरमालकाला. अनासपुरे यांचा माणूस दप्तराला चकवू पाहतो, आणि दप्तराला तोंड नसल्यामुळे ही लढाई जास्त अवघड आहे.

या सूत्राचा राजकीय पदर ‘गल्लीत गोंधळ दिल्लीत मुजरा’मध्ये (२००९) आला. नागेश भोसले दिग्दर्शक, समोर सयाजी शिंदे. त्याच वर्षी भोसले यांच्याच ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’मध्ये शेतकरी आत्महत्येसारखा विषय अनासपुरे यांनी विनोदाचा आधार न घेता पेलला. एकाच नटाने एकाच वर्षात, एकाच दिग्दर्शकाकडे, निवडणुकीची धमाल आणि आत्महत्येची व्यथा अशी दोन्ही टोकं गाठावीत, याची दखल तेव्हा पुरेशी घेतली गेली नाही.

दखल न घेतली जाण्याचं एक कारण त्याच काळात अनासपुरे यांच्या चित्रपटांची पडद्यावर झालेली गर्दी. यमक जुळवलेली शीर्षकं, भित्तिपत्रकावर वटारलेले डोळे, सरपंच आणि पुढारी यांची तीच ती जोडी. २०११ मध्ये त्यांनी स्वतः ‘डँबिस’ दिग्दर्शित केला. चांगल्यासोबत फुटकळ चित्रपट इतके आले की हेल पुन्हा हेलापुरताच उरला. याची जबाबदारी निर्मात्यांवर आहे, तशी हो म्हणणाऱ्या नटावरही. दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७ साली झी टॉकीज ही मराठी चित्रपटांची वाहिनी सुरू झाली आणि हे सगळे चित्रपट घरोघरी पुन्हा पुन्हा लागू लागले. तालुक्याच्या गावाला मल्टिप्लेक्स नसतं. आमच्याकडच्या माणसाने अनासपुरे पाहिले ते सीडीवर, केबलवर, रविवारी दुपारी जेवल्यावर. मुंबईत चित्रपट किती आठवडे चालला याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मराठवाड्याच्या नटाला त्याचा मराठवाडी प्रेक्षक मिळाला तो नाट्यगृहात नव्हे, घरातल्या टीव्हीसमोर.

टीव्हीने मात्र पुढे विनोदाची चालच बदलली. ‘फू बाई फू’, २०१४ पासून ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. दर आठवड्याला नवं प्रहसन, दर मिनिटाला हशा. यातून बोलींना मोठं दार उघडलं, हे मान्यच केलं पाहिजे. भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी घराघरात गेली. पोस्टमन झालेले सागर कारंडे वाचून दाखवत ती अरविंद जगताप यांची पत्रं ऐकताना हसत बसलेली माणसं डोळे पुसत. पण प्रहसनाला दहा-पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात माणूस उभा करायला वेळ नसतो, मग बोली पोशाखासारखी चढवली जाते. मराठवाडी म्हणून जे ऐकू येतं ते कुठलंच नसतं. नांदेड-लातूरकडचं ‘करू लालो’ वेगळं, बीडचं वेगळं. फुलंब्रीहून सिल्लोड-भोकरदनकडे गेलं की बोलण्यात खानदेश-वऱ्हाडाची झाक येते, आणि गावागावातल्या दखनीची फोडणी निराळीच. देशपांडे सरांच्या बावन्न पात्रांमध्ये हे फरक कानाला कळत. आता एकच सरसकट गावरान भाषा सगळ्यांच्या तोंडी घातली जाते, आणि हे नुकसान मला खरोखर बोचतं. अनासपुरे स्वतः २०२३ मध्ये सोनी मराठीवरच्या ‘पोस्ट ऑफिस उघडं आहे’ या मालिकेत आले. टपाल कचेरीतल्या माणसांची सलग गोष्ट सांगायची ही कल्पना प्रहसनापेक्षा त्यांच्या स्वभावाला जास्त मानवणारी होती.

मधल्या काळात त्यांच्या नावाला दुसरीच ओळख मिळाली. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि ते आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत घेऊन गेले, प्रत्येकी १५,००० रुपये. लोकांकडून पैशांचा ओघ सुरू झाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. नाल्यांचं खोलीकरण, गाळ काढणं, जलसंधारण अशी कामं झाली. वैजापूर तालुक्यातलं धोंदलगाव त्यांनी दत्तक घेतलं, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं. पडद्यावर पाण्यासाठी भांडलेला माणूस शिवारात पोकलेनशेजारी उभा राहिला. काहींना वाटतं यात नट मागे पडला. मला तसं वाटत नाही. २०१६ साली आलेला प्रसाद नामजोशी यांचा ‘रंगा पतंगा’ हा त्याचा पुरावा.

त्यात ते जुम्मन आहेत, विदर्भातला गरीब मुसलमान शेतकरी. त्याची रंगा आणि पतंगा ही बैलजोडी हरवते. तो पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातो, सोबत संदीप पाठक यांनी केलेला त्याचा मित्र. गोवंश हत्याबंदीनंतरचे ते दिवस, त्यामुळे मुसलमानाचे बैल हरवले या साध्या गोष्टीकडे जो तो आपापल्या डोळ्यांनी बघू लागतो. टीव्हीवाले येतात, पुढारी येतात. जुम्मनला फक्त बैल हवेत. पुन्हा तेच पोलीस ठाणं, तीच तक्रार, पण विहिरीवेळचा चलाख गडी इथे नाही. इथला माणूस थकलाय, बोलताना अडखळतो, खाली बघतो. वाक्याचा तो वर उचललेला शेवट अनासपुरे यांनी इथे पूर्ण सोडून दिला, वाक्यं अर्ध्यातच विरतात. ज्या लकबीवर कारकीर्द उभी राहिली ती लकब नटाने स्वतःहून खाली ठेवली, आणि त्याच्या अभिनयाची खोली तिथे दिसली. त्यांचं एकच काम पाहायचं असेल तर मी हे सुचवीन. दुसरं पाहायचं असेल तर ‘दे धक्का’, आणि त्याचा लंडनला गेलेला २०२२ चा दुसरा भाग नंतर कधीतरी.

विनोद आता मोबाइलवर आलाय. बार्शीच्या ‘खास रे टीव्ही’ने आणि बारामतीकडच्या ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ने दाखवून दिलं की मुंबईला न जाता, गावातल्याच माणसांना घेऊन लाखो प्रेक्षक मिळवता येतात. मराठवाड्यातली पोरंही फोन घेऊन बांधावर उभी आहेत. त्यांच्याकडे वेग आहे, धिटाई आहे, कान शाबूत आहे. त्यांना चांगलं लिहून देणारं कुणी हवं, कारण अनासपुरे यांची भरीव कामं बघितली तर प्रत्येकाच्या मागे पक्की गोष्ट सापडते. नुसत्या हेलावर उभं राहिलेलं एकही काम टिकलेलं नाही.

आणि विषय पडून आहे. २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर करायची, ई-पीक पाहणी. फुलंब्री तालुक्यात अद्रकीच्या शेतात उभं राहून फोटो काढायचा, तर रेंज नाही. रेंज आली तर सर्व्हर बंद. सर्व्हर चालू तर ॲप सांगतं की तुम्ही गटाच्या बाहेर उभे आहात. बापाने कसलेल्या रानात उभा असलेला माणूस फोनच्या म्हणण्यानुसार दुसऱ्याच्या रानात आहे. कागदावर विहीर होती, आता पडद्यावर शेत नाही. अनासपुरे यांनी पन्नाशी ओलांडली आहे. या गोष्टीत त्यांना शेतकरी करू नये, तो एखाद्या नव्या पोराला द्यावा. त्यांना तलाठी करावं, ज्याचं नाव सरकारने अलीकडेच बदलून ग्राम महसूल अधिकारी केलंय आणि ज्याच्याकडे चार गावं आणि एक लॅपटॉप असतो आणि रोज पन्नास माणसं येतात. टेबलापलीकडच्या माणसालाही सर्व्हरपुढे ‘बरं’ म्हणावं लागतं. ते त्यांच्या तोंडून ऐकायला मिळावं असं फार वाटतं, आणि ते लिहिणारा माणूस याच भागात, कुठल्यातरी तालुक्याच्या गावी, आत्ता लिहीत असणं अगदी शक्य आहे.